दोन क्लिक

ऑटोपोलिसवर धुकं उतरलं, ट्रॅक बंद झाला.
ओसाको-सान गुडघे टेकून
माझ्या मागच्या टायरवरून हात फिरवतायत.
सरळ फिरवला तर मांजराची पाठ.
उलटा फिरवला की बोटांना कड लागते.

"डावीकडे काही नाही. उजवी बघ,
सोलून निघालीय."
हवा जास्त असेल, मी म्हटलं.
गेज न लावताच त्यांनी मान हलवली.

सीटवर भार टाकून बाईक दाबली, सोडली.
वर आली ती, पण सावकाश,
दुखणाईत माणूस अंथरुणातून उठतो तशी.
"एका उंचवट्यातून सावरते न सावरते तोच दुसरा.
हिला उठायला वेळच देत नाहीस.
रिबाउंड एवढा आवळला कोणी?"

मीच. मार्चमध्ये,
तिसऱ्या वळणावर हिनं मला फेकल्यानंतर.
हलू नये म्हणून.

स्क्रूड्रायव्हर. टक्. टक्.
दोनच.
वहीत पेन्सिलीनं तारीख, तापमान नऊ,
आणि माझं नाव, चिहारू,
चुकीच्या अक्षरानं, दरवेळेसारखं.

धुकं हटेपर्यंत
मशीनमधली गरम कॉफी घेतली.
त्यांच्या कॅनवर बोटांचे काळे ठसे.
मी माझा उजवा खांदा
हळूच फिरवून पाहिला.