बारा व्होल्ट

गावाचं नाव लिहितात लांबलचक, म्हणतात नुसतं लेमस्टर.
तिथल्या जुन्या गुरांच्या बाजाराच्या आवारात
महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी आठला, आम्ही जमतो.
कागदी कपातला चहा, बेकनचा धूर,
आणि बॉनेट उघडून उभ्या गाड्या
डॉक्टरसमोर आ करून बसलेल्या पोरांसारख्या.

आज ती येणार म्हणून गर्दी दुप्पट.

आली तेव्हा कुणाला कळलंच नाही.
सगळे हमरस्त्याकडे कान लावून
डरकाळीची वाट बघत होते,
आणि ती मागच्या फाटकातून शिरली, विजेवर,
स्वयंपाकघरात मांजर शिरतं तशी.
खडी तेवढी वाजली.
ग्विलिम म्हणाला, "हे काय, दूधवाला आला?"
(इथे पूर्वी दुधाच्या गाड्या विजेवर चालत,
पहाटे कुणाची झोप मोडू नये म्हणून.)

रंग मात्र असा, की पिकल्या जांभळावर
कुणी तुपाचा हात फिरवावा.

मग सुरू झालं.
हजार घोडे? मोजले कुणी?
वजन बघा, बॅटरीचं गाठोडं पाठीवर घेऊन कुठली पळतेय!
हेझल वाकून मागचे टायर बघत राहिली, नवरा बाळाकडे बघत नसेल असं.
"जोडी अठराशे पौंड," गाडीचा मालक म्हणाला.
पेनफोल्ड. दाताचे तीन दवाखाने आहेत त्याचे.
"चार हजार मैल टिकली तर नशीब."

कुणीतरी शीळ घातली.
सर्व्हिस? विमा? सिरॅमिकचे ब्रेक?
तो सांगत गेला, आवाज खाली आणत,
दुखणं सांगावं तसा.
आठ वर्षांनी बॅटरी बदलायची,
तिची किंमत कंपनीनेही अजून ठरवलेली नाही.

गंमत बघा, घेणारा त्यात एकही नव्हता,
तरी प्रत्येकाच्या कपाळाला आठी,
जणू हप्ता उद्याच आपल्या खात्यातून जाणार.
"मी असतो तर हा विमा घेतला नसता," ग्विलिम म्हणाला,
जो भाड्याच्या खोलीत राहतो.

माझे वडील इचलकरंजीत जॉबर होते.
शंभर मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागाचा धोटा अडला ते डोळे मिटून सांगत.
दारी हत्ती झुलवायचा तर
ऊस कुणाच्या रानातला, ते आधी ठरवा, म्हणत.
या गाडीपुढे त्यांनी कान कुठे लावला असता?

नॉर्मन टिडमार्श, ऐंशीचा, जन्मभर ट्रॅक्टर उघडलेला,
त्याने एकच विचारलं, "चालवतोस किती?"
"वर्षाला सहाशे मैल."
मग, थोडं थांबून,
"प्रत्येक मैलाला भाव उतरतो ना."
यावर कुणी काही बोललं नाही.

निघायची वेळ झाली आणि ती हलेना.
पडदे काळे. दार अर्धवट.
सकाळभर चाळीस वेळा दारं उघडून, दिवे लावून
आम्हीच तिची छोटी बॅटरी संपवली होती,
ती बारा व्होल्टची, साधी, जी मोठीला उठवते.
पेनफोल्डने कंपनीला फोन लावला.
रविवार.

मग माझी फिएस्टा पुढे आणली,
सोळा वर्षांची, डावा दरवाजा वेगळ्या रंगाचा.
लाल लालला, काळी लोखंडाला.
माझं इंजिन जरा खोकलं, धाप लागली,
आणि तिकडे जांभळं जनावर
एकदम असं गरजलं,
की हेझलच्या हातचा चहा सांडला
आणि नॉर्मनने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं,
हसत, नुसत्या कानाने ऐकायला.

पेनफोल्ड वीस पौंड द्यायला लागला.
मी नको म्हणालो, मोठ्या मनाने.

घरी येताना पुलाच्या वळणावर वाटलं, घ्यायला हवे होते.
एमओटीच्या तपासणीचं काम मी करतो.
माझ्या मागच्या डाव्या टायरला
मीच नापास केलं असतं.