तेरावा महिना

सप्टेंबर लागला की आमच्या इलोइलोत नाताळ लागतो.
दुकानांवर कागदी तारे चढतात, आणि घरात
औषधकंपनीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
एर्लिंदा रेघा मारायला बसते.
फुटपट्टी नाही. बिस्किटाच्या डब्याची कड धरते,
म्हणून रकाने जरा पोचे येतात.

ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते.
डिसेंबरात तिला तेरावा महिना मिळतो,
दुष्काळातला नव्हे, पगारातला,
कॅलेंडरात नसलेल्या महिन्याची मजुरी.
बारा हजार सहाशे पेसो.
हातात पडायच्या आधीच त्यातले निम्मे
घराबाहेर पडलेले असतात:
विजेचं बिल, धाकटीचे बूट,
कोपऱ्यावरच्या लुसिंगकडची भिशी, दोन हप्ते मागची.

मग धर्मलेकरं.
गल्लीत कुणाचा बाप्तिस्मा निघाला
की हिला नाही म्हणता येत नाही.
अकरा झाली. नाताळच्या सकाळी रांगेने येतात,
तिचा हात कपाळाला लावतात
आणि मग हाताकडे बघत राहतात.
ओल आली म्हणून कॉलेजने टाकलेल्या
गाळणकागदाची ती पाकिटं करते.
पन्नासच्या कोऱ्या नोटांसाठी बँकेत दोन तास उभी राहते.
म्हणते, कोरी नोट पोरांना मोठी वाटते.

पहाटेच्या मिसा नऊ.
चर्चबाहेर केळीच्या पानावर तांदळाचा केक भाजत असतो,
वर निखारे, खाली निखारे.
नियम असा: पहिल्या पहाटे खायचा आणि नवव्या.
मधल्या सात पहाटा आम्ही
नाक दाबून घरी येतो.

लाल मेणातला चीजचा गोळा तिने लिहिला, खोडला,
लिहिला, खोडला.
हॅम अर्धं. स्पॅगेटी तीन पाकिटं, माझी बहीण येणार म्हणून चार.
बहिणीसाठी चौथं लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
मी काही बोललो नाही.

तळाशी, जमेच्या बाजूला, बारीक अक्षरात:
'ट्रायसिकलच्या सीटखालचे, ३४०.'
मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो.
रोज रात्री मोजतो मी ते.
तीनशे वीस होते.
वरचे वीस कुणी घातले, विचारलं नाही.

पंचवीस तारखेला दुपारपर्यंत पाकिटं संपली.
ती पाय पसरून बसली होती, तेवढ्यात फाटक वाजलं.
बेनहूर.
आठ वर्षांपूर्वी बाकोलोदला गेलेल्या सोलेदादचा मुलगा,
बारावा, हिशोबातून साफ निसटलेला.
एर्लिंदा उठली आणि मोरीत जाऊन कडी लावली.

'बाई घरात नाही,' मी म्हणालो.
मोरीतला नळ चालू झाला.
पोरगं हसलं नाही. मिसरूड फुटलेलं, शर्ट इस्त्रीचा.
वाकून माझा हात कपाळाला लावला त्याने,
दोन पोमेलो दिले, घरच्या झाडाचे,
आणि जायला निघाला. मागितलं काहीच नाही.
तेच वाईट झालं.
मी बाहेर जाऊन सीट उचलली.

तो गेल्यावर ती ओल्या हातांनी आली.
'किती?'
'पन्नास.'
तिने पोमेलो हातात तोलून पाहिले, कानावरची पेन्सिल काढली
आणि शेवटच्या रेघेखाली, जिथे जागाच नव्हती,
बेनहूर लिहिलं, त्यापुढे शंभर.

मग सुरी आण म्हणाली.
एक आत्ता कापू, दुसरा रविवारी.