विटेची बेंबी

शुक्रवारी पहाटे चोरबाजारात
इद्रीसभाईच्या चादरीवर
फुटक्या बॅरोमीटरला टेकवलेला
बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
उचलून हलवला
आणि आवाजावरूनच कळलं.
बटणं वेगळी वाजतात, सोंगट्या वेगळ्या.
चेहरा कोरा ठेवला.
एकतीस वर्षं काढलीत कुर्ल्याच्या टूलरूममध्ये,
कोरं राहणं जमतं मला.
इद्रीसभाईने तरी ओळखलंच:
"पाचशे. मोजून घ्या, तुटका एक नाही."
साडेतीनशेला दिला,
वर सुतळी फुकट.

मुलुंडला, घरी, परातीत कोमट पाणी,
साबणाचा चुरा.
नलू म्हणाली, कणीक आता
तुझ्या टकलावर मळू का?

लाल, पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या.
संपले रंग.
पांढऱ्यांची साय झाली आहे.
काही लोक त्यांना औषधात बुडवून
गच्चीवर उन्हात मांडतात, कुरडयांसारख्या.
मी मांडत नाही.
मिशीला कलप लावतो तेवढा पुरे.

वीट हातात आली की आधी बेंबी शोधायची.
साच्यात रस जिथून शिरतो
तिथं एक टिंब उरतं, प्रत्येकीला.
जुन्यांचं कुशीवर,
उघडं, नखाला लागणारं.
नव्यांनी कुठे दडवलंय
ते भिंगातून बघावं लागतं.
साचा कापणाऱ्याचे हात धरावेत असं काम.
जळून म्हणत नाही.
आम्ही फण्या काढायचो, साबणदाण्या काढायचो.
फणीचे सगळे दात सरळ निघाले
की चहा मागवायचो.

विहंगचा नवा सेट रविवारी आला.
दोन हजार तीनशे चौदा तुकडे,
पिशव्यांवर एक ते सतरा आकडे,
आणि पुस्तक, जाडजूड,
ज्यात चुकायला पान ठेवलेलं नाही.
ओल्या वाळूचा रंग आहे त्यात,
आमसुलाचा आहे,
गंजाचासुद्धा, नवा कोरा गंज.
माझ्या डब्यात पुस्तक नव्हतं,
एक झाकणाचा तुकडा होता फक्त,
त्यावर टाय लावलेला गोरा मुलगा घर बांधतोय
आणि त्याची बहीण
बघतेय.

व्हर्नियर काढला.
जुनी मापली, नवी मापली.
एका रेघेचा फरक नाही.
एकीवर दुसरी दाबली:
टक्.
मध्ये पन्नास वर्षं होती, कुठे गेली कोण जाणे.
फरक काढताना कळतो.
जुनी हात मिळवते, सोडते.
नवी विमा एजंटासारखी, सुटता सुटत नाही,
म्हणून तिच्यासोबत एक नारिंगी उलथणंही देतात.

डब्याच्या तळाशी एक निळी होती,
चार टेंगळांची,
कडेला चावे.
तेव्हा उलथणं नव्हतं,
दात होते.
भिंगाखाली धरली. दोन खळगे, मध्ये मोकळी जागा.
म्हणजे पुढचा एक पडलेला.
साडेसहा वर्षं, फार तर सात.
नाव कुठेच नाही, ना डब्यावर, ना झाकणावर.
ते पोर आता कवळी लावत असेल,
रात्री पेल्यात काढून ठेवत असेल.
सगळ्या विटा पुसल्या कोरड्या फडक्याने.
ही नुसती ठेवली.

संध्याकाळी विहंगने ती उचलली,
चाव्यांवर अंगठा फिरवला,
"कोणी खाल्ली?"
म्हटलं, माहीत नाही.
त्याने पाठ फिरवली आणि बघता बघता
मनोऱ्याच्या नवव्या थरात दाबली.
पुस्तकात तिथे राखाडी होती.
मी तोंड उघडलं,
मिटलं.

रात्री संग्रहाच्या वहीत
लाल शाईने नोंद केली:
निळी, चौटेंगळी, दातखुणा, नग एक.
शेऱ्याच्या रकान्यात, जुन्या सवयीने:
कामावर.