दाराखालची फट

आश्रयगृहातल्या मुलीनं कागदावर लिहून दिलं होतं:
आठ दिवस दार बंद.
मग वासांची देवाणघेवाण.
मग ताटल्या, दाराच्या दोन्ही अंगांना,
रोज वीतभर जवळ.
घाई करू नका.
या शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

मी चौतीस वर्षं लिएपायाच्या ट्रामवर तिकिटं तपासली.
वेळापत्रक मला कळतं.

मिंका अकरा वर्षांची.
खिडकीतली उशी तिची, रेडिएटरची ऊब तिची,
आणि विल्निस गेल्यापासून त्याची खुर्चीही.
नवा आला तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून,
राखी, उजव्या कानाचा तुकडा कुठंतरी हरवलेला,
बंदरावरच्या रिकाम्या गोदामात सापडलेला.
मी त्याचं नाव ठेवलं नाही.
मिंकानं मात्र पहिल्याच संध्याकाळी
दाराखालच्या फटीतून
नावं ठेवायला सुरुवात केली.

केवढी ती भाषा!
सेवानिवृत्त शाळामास्तरीण वाटावी अशी मांजर,
हे शब्द ती शिकली कुठं?

तिसऱ्या दिवशी वास.
खणात हात घातला, हाताला लागला तो मोजा घेतला,
नव्याच्या गालांवरून, पाठीवरून फिरवला,
तिच्या उशीवर नेऊन ठेवला.
तेव्हा पाहिलं,
टाचेला निळ्या दोऱ्यानं रफू केलेलं.
माझंच रफू.
चार वर्षं न धुता ठेवलेला एकच मोजा,
आणि मी तो मांजराला पुसून आणला.

मिंकानं हुंगला. बराच वेळ.
एकदा माझ्याकडे पाहिलं.
मला वाटलं, आता पंजा, आता फिस्कारणं.
ती त्याच्यावर गोल फिरली, दोनदा,
आणि हनुवटी टेकवून झोपली.
कोणाच्या वासावर, ते
मला अजून सांगता येत नाही.

वरच्या मजल्यावरची मिर्ड्झा म्हणाली,
वेळ लागतोच गं.
मला आणि सुनेला सात वर्षं लागली.
मग जिन्यात थांबून म्हणाली,
म्हणजे सात झाली. अजून लागतायत.

पाचव्या दिवशी मीटर वाचायला गुंटिस आला,
बर्फाळ बुटांनी थेट आतल्या खोलीत,
आणि जाताना दार तसंच सताड.
कागदावर या गुंटिसचा उल्लेख नव्हता.

मी चहाचं भांडं हातात धरून उभी.
नवा उंबऱ्यात. मिंका खुर्चीत.
शेपटीची बाटली घासायची कुंचली झालेली.
कोणी हललं नाही.
मग एकच फटका,
ओलं फडकं फरशीवर पडावं तसा आवाज,
आणि राखी मांजर कपाटाखाली,
काळी कपाटावर,
आणि चहा माझ्या चपलांवर.

दोन दिवस कोणी कोणाचं तोंड पाहिलं नाही.
मी दोन ठिकाणी वाढत होते,
एकदा वाकून, एकदा स्टुलावर चढून.
या वयात.

त्यांची दोस्ती झाली असं मी म्हणणार नाही.
ती त्याला चाटत नाही. तो तिच्या ताटलीकडे
ती झोपेपर्यंत जात नाही,
आणि ती झोपेचं सोंग घेते,
हे मी पाहिलंय.

दवाखान्यातून फोन आला, लशीसाठी.
नाव काय लिहू?
मी म्हटलं, थांबा जरा.

काल रात्री समुद्रावरून वारा सुटला होता,
काचा थरथरत होत्या.
शेवटची ट्राम वळणावर कुरकुरली
तशा दोघांनी एकदम माना वर केल्या,
खिडकीत, तीन वितींचं अंतर राखून.
मीही उठले, सवयीनं.
थांब्यावर दिवा, बर्फ, उघडं दार.
कोणी उतरलं नाही.
ट्राम गेली.
आम्ही तिघं तरी बघतच राहिलो.