चवीचा नमुना

मे महिना, खानापूर, स्टेशन रोड.
कंपनीचा पोरगा बॅगेतून काळा डबा काढतो
आणि माझ्या तराजूशेजारी ठेवतो.
डब्यावर जांभळी फळं, त्यांच्यावर छापलेलं दव.
"बेरी ब्लेंड, सर. कॅम्पात जोरात चालालंय."

एकतीस वर्षं मी या गाळ्यात
डस्ट आणि मामरी मिसळत आलोय.
लोंढ्याच्या गाडेवाल्याला कडक,
नंदगडच्या मास्तरांना वासाचा,
मयताच्या घरी पाठवायचा तो स्वस्तातला, रंग देणारा.
जिभेचं एक टोक त्यातच झिजलं.

तरी पाणी ठेवलं.
दूध नको, साखर नको, तीन मिनिटं, म्हणाला पोरगा,
घड्याळ बघत, परीक्षेला बसल्यासारखा.

चमच्यात घेतला, सुर्रकन ओढला, टाळूवर आपटला.
वास सगळ्यांच्या आधी आला,
लग्नात नवऱ्याचा मामा येतो तसा, अत्तर लावून.
मागून आंबटपणा, जरा लाजत.
चहा सगळ्यात शेवटी,
घशाशी, कडवट, एकटा,
कुणी ओळख करून न दिलेला.

"यातलं एखादं फळ बघितलायस काय गा तू?"
"फोटोत, सर."
मीही फोटोतच. दोघं गप्प.

पायरीवर निंगव्वा बसलेली,
जांबोटीकडच्या रानातली करवंदं बुट्टीत,
वर पळसाची पानं, हातांवर काट्यांच्या रेघा.
ती कन्नड बोलते, मी मराठी,
अकरा उन्हाळे आमचं असंच चाललंय.
मी दहा म्हणतो, ती हत्तु म्हणते,
नाणं तेवढंच.
चहाला मात्र दोघंही चहाच म्हणतो.

तिला कप दिला.
तिनं हुंगला, माझ्याकडं बघितलं,
एक घोट घेतला. "हुळी ऐत्रि, सावकार."
आणि सवयीनं, कुणी काही म्हणायच्या आत,
माझ्या पातेल्यातलं दूध ओतलं त्यात.

फुटलं.
पांढरे कण वर आले, मळकट, कापसासारखे.
पोरगा कपाळाला हात लावतो.
निंगव्वा हसते ती पदर तोंडाला लावून,
खांदे हलेपर्यंत,
मग मीही, मग नाइलाजानं पोरगाही.

तिनं तळाचा एक सुकला काळा तुकडा
बोटानं काढून चावला.
बराच वेळ चावला.
काही बोलली नाही.
पानाच्या द्रोणात मूठभर करवंदं घालून
पोरापुढं धरली.

"कोंबडा का कोंबडी?" मी विचारलं.
तो बघतच राहिला. बागलकोटचा पोरगा, त्याला काय ठाऊक.
मी एक दातानं फोडून दाखवलं.
आत लालभडक. "कोंबडा."
त्याचं पांढरं निघालं.
पुन्हा एक, पुन्हा पांढरं.
तिसऱ्याला त्यानं सॅम्पलची वही बाजूला ठेवली.

डब्याची किंमत त्यानं सांगितली.
निंगव्वानं बुट्टीकडं बघितलं, अख्ख्या बुट्टीकडं,
आणि पळसाची पानं पुन्हा नीट झाकली.

दोन डबे ठेवून घेतले मी.
पोराचं टार्गेट असतंय, त्याचंही पोट.
वरच्या फळीवर ठेवले, गणपतीच्या फोटोखाली.
अजून तिथंच आहेत,
दव अजून सुकलेलं नाही.

खरं त्या दुपारी घोळ झाला.
करवंदाचा चीक ओठांवर, जिभेवर,
पुसला तरी चिकटून,
आणि कुठलाच चहा धड कळेना.
लोंढ्याचा माल अंदाजानं मिसळला,
हाताला वाटेल तसा,
मामरी जास्त पडली का डस्ट, देव जाणे.

आठवड्यानं गाडेवाला आला,
काउंटरवर कोपर टेकून, आवाज खाली आणून:
"गेल्या खेपेला काय घातलासा गा त्यात?
गिऱ्हाईक तसलंच मागालंय."

मी फळीकडं बघितलं, पायरीकडं बघितलं.
निंगव्वा नव्हती,
करवंदं संपली होती त्या वर्षाची.
"बघतो," म्हणालो,
आणि ओठांवरून जीभ फिरवली.