पान एकशे बारा

जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडण्यात
माझी एकतीस वर्षं गेली.
चादरीवर मोर उतरणार की कमळ,
मागावरच्या माणसाआधी मला ठाऊक असायचं.
कुणी विचारलंच तर म्हणायचो, विणू दे की.

हे शहाणपण पुस्तकांपर्यंत पोचायला उशीर झाला.

पाच भागांची कादंबरी, आमच्यात एकच प्रत.
अशोक चौकातून निघायची, साखर पेठ, कन्ना चौक,
आठ घरं, दर घरी पंधरा दिवस.
चौथा भाग माझ्याकडून व्यंकटेश येमुलकडे गेला,
आठवड्यानं टपरीवर बशीत चहा ओतता ओतता
माझ्या तोंडून निसटलं:
दिवाणजीनंच मारलं रे. सख्ख्या भावाला.

व्यंकटेशनं बशी खाली ठेवली.
"का बे सांगितलास?"
एवढंच. भांडला नाही.
पुस्तक परत आलं तेव्हा एकशे बारा पानावर
अक्कलकोट गाडीचं तिकीट खोचलेलं होतं.
म्हणाला, "पुढं कसं वाचू?
तो भाऊ जेवतोय, हसतोय, पोरीला खांद्यावर घेतोय,
आणि मला एकट्यालाच त्याचं मढं दिसतंय."

त्यानंतर तो आमच्यात आला नाही.

मग बागवान मॅडमनी प्रत्येक भागाला
मागच्या पुठ्ठ्यावर एक पाकीट चिकटवलं.
पोट फुगलं असेल तर चिठ्ठी लिहा,
चौघडी घाला, वर पानाचा आकडा टाका.
त्या पानाच्या पुढे गेलेल्यानंच उघडायची.
हत्तुरे अण्णांनी बाहेरूनच लिहिलं, "रुमाल जवळ ठेवा."
त्यावर एक अख्खी संध्याकाळ वाद:
रुमाल म्हणजे फोडणं की नाही?
अण्णा म्हणाले, मला सर्दी होती हो.
कुणाला पटलं नाही. रुमाल खोडला.

आणि तोंडाचं काय?
तोंड गप्प बसतं, भुवया बसत नाहीत.
यंदाच्या मे महिन्यात श्रीदेवी गड्डम नव्यानं आली.
विड्या वळते. मांडीवर सूप, सुपाला टेकून पुस्तक,
ओळीनं बसलेल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवते,
म्हणून तिच्याकडून आलेल्या भागाला तंबाखूचा वास.
चौथ्या भागाच्या मध्यावर ती दारात येऊन उभी.
"काका, बायका जेवेनात. एकच सांगा,
नावाड्याची पोर वाचते का हो?"

मी आधी मान वळवली,
डोळे कोनाड्यातल्या घड्याळाकडे लावले,
मग म्हटलं, "वाच."

आपल्या चादरीसारखाच शब्द,
दोन्ही बाजूंनी विणलेला.
तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.
सुलट कुठली, तिला कळेना,
मी कळू दिली नाही.

पाणी पाचव्या दिवशी, तेही पहाटे तीनला.
नळाखाली घागर लावून
तिथल्याच दिव्यात तिनं शेवटचा भाग संपवला.
उजाडल्यावर आली. पायरीवर बसली.
दोघांनाही बोलायचं होतं, दोघंही बोलेनात.
मग तिनं हळूच विचारलं,
"पहिल्या भागात, नावेत,
तिसरं कोण बसलं होतं, तुमच्या ध्यानात आलं ना?"

तिसरं?
चार वेळा वाचलेलं पुस्तक.
नावेत दोघंच होते.

तिनं माझा चेहरा वाचला आणि चटकन
स्वतःचा फिरवला, घड्याळाकडे.
"सांगू?"
"नको, नको. थांब."

पहिला भाग पिशवीत टाकला.
ऊन चढायच्या आत
एका जुन्या दाराची कडी वाजवली.
व्यंकट्या, म्हटलं, यात एक असं आहे
जे मलाही माहीत नाही.

बराच वेळ आतून काही आलं नाही.
मग: "कुणी फोडलं नाही ना तुला?"
"नाही बे."
"मग ये आत.
आणि तोंड बंद ठेव."