ब्याण्णव

एकशे अठरा दिवसांनी तिला माझ्या हातात दिली
आणि सोबत एक पिशवी:
नळ्या, चिकटपट्ट्या, सिरिंजा, रेघांची वही
आणि पायाच्या अंगठ्याला बांधायचा तांबडा दिवा,
जो आकडा सांगतो.
ब्याण्णवच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नर्स म्हणाली.
ब्याण्णव.
शाळेत मी इतके गुण कधी पाहिले नव्हते.

फेरीबोटीत सिलिंडर माझ्या गुडघ्यांमध्ये,
मिलाराय नेल्दाच्या कोटात,
आणि आम्हा तिघांना बांधणारी
हातभर पारदर्शक नळी.
शेजारच्या ट्रकवाल्यानं सिगरेट ओठांत धरली,
लायटर काढला, सिलिंडर पाहिला,
लायटर खिशात टाकला.
चिलोएचा किनारा लागेपर्यंत
ती न पेटलेली सिगरेट तशीच ओठांत ठेवून
तो पाण्याकडे बघत उभा राहिला.
आम्ही एकमेकांशी काहीच बोललो नाही.

आमच्याकडे घर म्हणजे चूल.
लोखंडी, काळी, चार पायांची,
तिच्या पाठीशी मोजे वाळतात, पोटात पाव फुगतात.
वडील गेले त्या रात्रीही
कुणीतरी उठून तिच्यात लाकूड सारलं होतं.
वहीत तीनदा लिहिलेलं: आग नको. धूर नको.
तेल नको, मलम नको, ऑक्सिजनपाशी काही पेटणारं नको.
रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसायचं,
तर या घरात तेलालाही बंदी.

आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी
मेहुण्यानं तिघांना बोलावून ती उचलली,
होडीच्या शेडमध्ये नेऊन ठेवली.
जिथं ती होती तिथं फरशीचा फिकट चौकोन.
येता-जाता आम्ही अजून त्याला वळसा घालतो.

या गावात माणसाला धुराचा वास असतोच,
लोकरीत, केसांत, बोलण्यात.
सुनिल्दाबाई सूप घेऊन आली,
उंबऱ्याबाहेरच शाल काढली, कुंपणावर टाकली.
मग तिचा नवरा आला, त्यानं स्वेटर काढला.
संध्याकाळपर्यंत बारा लोकरी अंगं
भुरभुर पावसात कुंपणावर भिजत होती,
आणि आत बाराजण सदऱ्यावर, कुडकुडत,
हात मागे बांधून, नुसते लांबून बघत.

नाकातल्या नळीतून तिला दूध द्यायचं:
सिरिंज उंच धरायची, ढकलायचं नाही.
दूध आपल्याच वजनानं उतरतं.
शिंपल्यांचे दोर ओढून माझे हात असे झालेत
की त्यांना न ओढणं शिकवावं लागलं.

नेल्दाला झोप येत नव्हती.
तिकडे सगळीकडे काहीतरी वाजत असायचं, ती म्हणाली,
इथं ऐकू येतं की काही वाजत नाही.

तिसऱ्या रात्री वीज गेली.
यंत्र सुस्कारा टाकून थांबलं.
माझा हात सवयीनं काड्यापेटीकडे गेला,
आणि अर्ध्यात थिजला.
आख्ख्या घरात उजेड एवढाच:
तिच्या अंगठ्याचा.
त्या वाटाण्याएवढ्या तांबड्यात
मी सिलिंडरची चावी शोधली, नळी बदलली.
सत्त्याऐंशी.
नेल्दानं माझं मनगट धरलं होतं की मी तिचं, आठवत नाही.
सत्त्याऐंशी. एकोणनव्वद.
पुन्हा अठ्ठ्याऐंशी, आणि ती शिंकली,
एवढ्याशा नाकानं, नळीसकट,
जशी कुणावर तरी वैतागली.
एक्याण्णव.
ब्याण्णव.
त्र्याण्णवला नेल्दा हसली. मी नाही, मी मोजत होतो.

उजाडल्यावर शेडमध्ये गेलो.
चुलीवर तळवा ठेवला. गार.
तिला काही सांगायचं होतं, सुचलं नाही.
भट्टीचं दार किलकिलं दिसलं म्हणून वाकलो,
तर आत, राखेच्या मऊ खळग्यात,
शेजाऱ्यांची तपकिरी कोंबडी बसलेली,
एका डोळ्यानं माझ्याकडे बघत,
जागची न हलता.
मी दार लावायला हात नेला.
तसंच राहू दिलं.